बोट लागली!

करंजाच्या धक्क्यावर आम्ही रेवसच्या लाँचची वाट पाहत उभे होतो. मागे द्रोणागिरीचा डोंगर, समोर धरमतरच्या खाडीचं मुख, पलीकडे अलिबाग तालुक्याचा किनारा. बरोबर माझे एक तमिळ स्नेही होते. नोकरीसाठी न्हावा-शेव्याला येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि मराठी ते हट्टाने शिकत होते. पाच मिनिटांत त्यांच्या कानावर तीन वाक्यं पडली.

धक्क्यावरचा माणूस ओरडला, "चला चला, बोट लागली!"

शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी आपली मधेच बसते. मला बोट लागते."

तेवढ्यात त्यांचा धाकटा भोकाड पसरून रडू लागला. "काय झालं रे? कुठं लागलं?" तो हुंदके देत म्हणाला, "ताईचं बोट लागलं. डोळ्याला."

स्नेह्यांनी माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "यातली नक्की कुठली बोट कुणाला लागली?"

लाँच सुटेपर्यंत आणि पुढे खाडी ओलांडेपर्यंत मी उत्तर देत होतो. ते पुरं झालं नाही, म्हणून हा लेख.

योगायोग आणि भावकी

आधी 'बोट' बाजूला काढू. हाताचं बोट मराठीत जुनं आहे. पाण्यावरची बोट इंग्रजांच्या मागोमाग आली. दोघांचं नातं काही नाही. एकाच नावाचे दोन प्रवासी एका बाकावर येऊन बसले, इतकंच. मराठीने त्यांची गल्लत होऊ नये अशी व्यवस्थाही केली आहे. हाताचं ते बोट, पाण्यावरची ती बोट. एकाची बोटं, दुसरीच्या बोटी. म्हणून मुलाला बोट 'लागलं' आणि धक्क्याला बोट 'लागली'.

'लागणे'चं प्रकरण वेगळं आहे. त्याचे अर्थ एकमेकांना अनोळखी नाहीत, एका भावकीतले आहेत. गावच्या भावकीत थोरल्या घरातल्या आजोबांचा चेहरा चौथ्या घरातल्या पोराशी जुळत नाही. पण मधल्या घरांतून चालत गेलं तर नाक इथून तिथे, कपाळ तिथून पुढे, असं करत चेहरा कसा बदलत गेला ते दिसतं. एका शब्दाचे असे नात्यातले अनेक अर्थ असणं याला भाषाभ्यासक अनेकार्थता म्हणतात. नुसत्या उच्चाराच्या योगायोगाला ते या घरात घेत नाहीत. 'लगाम' हा शब्दही 'लाग'चा भाऊबंद वाटतो, पण तो फारसीतून आलेला पाहुणा आहे.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. पुढे दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडाखंडाने निघाला. यांतला कुठलाही कोश उघडून 'लागणे' काढा. नोंद वाचता वाचता नजर पानभर खाली सरकत राहते. पण या साऱ्या भावकीचा मूळ पुरुष एकच आहे, आणि तो अगदी साधा आहे: एक वस्तू दुसरीला टेकणं.

बाकावरून एक जण उठला

संस्कृतात 'लग्' असा धातू आहे. धातुपाठात त्याचा अर्थ 'संग' असा दिला आहे, म्हणजे चिकटणं, जोडलं जाणं. त्यापासून 'लग्न' हे रूप झालं: चिकटलेलं, टेकलेलं. प्राकृतात जोडाक्षर सैल होऊन 'लग्ग' झालं आणि मराठीत 'लाग'.

ही वाट या एकाच शब्दाची नाही. 'अग्नी'चा 'अग्गि' आणि मग 'आग', 'नग्न'चा 'नागवा' आणि 'नागडा', तसाच 'लग्न'चा 'लाग'. दोन 'ग' होते, त्यांतला एक गेला आणि आधीचा ऱ्हस्व 'अ' लांबून 'आ' झाला. बाकावर दोघे दाटीवाटीने बसलेले असावेत, एक जण उठून जावा आणि दुसऱ्याने ऐसपैस मांडी घालावी, तसं. आपण 'आग लागली' म्हणतो तेव्हा एकाच वाटेने आलेले दोन प्रवासी हातात हात घालून चाललेले असतात.

मग 'लग्न' हा शब्द तसाच्या तसा मराठीत कसा राहिला? तो पंचांगातून, पंडितांच्या हातून सरळ आला. ज्योतिषात लग्न म्हणजे त्या घटकेला पूर्व क्षितिजाला टेकलेली रास. बारा राशी दिवसाच्या चोवीस तासांत क्षितिजावर येऊन जातात, त्यामुळे एकेक लग्न साधारण दोन तासांचं. शुभ लग्न पाहून विवाह करायचा, म्हणून त्या घटकेचं नाव हळूहळू विवाहालाच मिळालं. दोन जीव एकमेकांना चिकटतात म्हणून लग्न, अशी व्युत्पत्ती मंगलाष्टकांनंतरच्या भाषणात गोड लागते, पण चिकटण्याचं मूळ काम आकाशातल्या राशीने केलं आहे. आणि 'लग्न लागलं' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो, एकदा सोवळ्यात आणि एकदा घरच्या कपड्यांत.

दार लागलं, दिवा लागला

स्नेह्यांची खरी तक्रार पुढची होती. "दार लावा म्हटलं की बंद करायचं, आणि टीव्ही लावा म्हटलं की चालू करायचा. हे कसं?"

मला हे कधी खटकलंच नव्हतं. आपल्याच घराच्या उंबऱ्याची उंची आपल्याला जाणवत नाही, ठेच पाहुण्याला लागते.

मूळ अर्थाकडे परत गेलं की उलगडा होतो. दाराची फळी चौकटीला टेकली की दार लागलं. ज्योत वातीला टेकली की दिवा लागला. दोन्हीकडे टेकणं तेच. बंद होणं आणि पेटणं हे त्या टेकण्याचे परिणाम, आणि परिणाम वस्तूगणिक वेगळे असणारच. पुढे वीज आली, तिथे तर तारा टेकल्याशिवाय काही होतच नाही, म्हणून लाईट लागली, पंखा लागला, रेडिओ लागला. फोन 'लागतो' तोही त्याच ओळीत. आता मोबाइलला तार उरलेली नाही, पण "किती वेळ झाला, फोनच लागत नाही" ही तक्रार शाबूत आहे.

टेकण्याची मूळ चव चाखायची तर करंजासारखं ठिकाण नाही. होडी धक्क्याला लागते. ओहोटीत पाणी कमी झालं की ती गाळाला लागते आणि भरतीची वाट पाहत बसते. ओढताना जाळं खडकाला लागतं, नशीब चांगलं असेल तर जाळ्याला म्हावरं लागतं. पाण्याची खोली मोजायला दोरीला वजन बांधून खाली सोडायचं, वजन तळाला टेकलं की थांग लागला. याच थांगाने पुढे जमिनीवर येऊन माणसाच्या मनात शिरकाव केला. एखाद्या अबोल माणसाबद्दल आपण "त्याच्या मनाचा थांग लागत नाही" म्हणतो तेव्हा आपली दोरी तळापर्यंत पोचलेली नसते. शोध लागणं, पत्ता लागणं, हिशेब लागणं, अंदाज लागणं हे सगळे त्याच दोरीचे वेढे.

टेकलेलं काही वेळा सुटत नाही, चिकटून राहतं. फणस कापताना हाताला चीक लागतो. गॅसवर विसरलेलं दूध खाली लागतं आणि मग त्या पातेल्यात केलेली खीरही लागट लागते. (एकाच वाक्यात लागट आणि लागते. स्वयंपाकघरात हे कुणाला चुकीचं वाटत नाही.) तशीच सवय लागते, नाद लागतो, वेड लागतं. रोग चिकटला तर ती लागण. पण पश्चिम महाराष्ट्रात शेतकरी उसाची लागण करतो, ती मातीला चिकटून रुजावी म्हणून. बाहेरची बाधा चिकटली तर ते लागीर; २०१७ साली झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली तेव्हा हा गावाकडचा शब्द शहरी घरांतही पोचला. चिकटून असलेलं ते लगतचं, जोडलेलं महाविद्यालय ते संलग्न. आणि दोन कामांमध्ये फटच उरली नाही तर दुसरं काम लगेच, लगोलग, लागलीच.

डोळ्यांची गंमत मात्र स्वतंत्र सांगितली पाहिजे. 'डोळा लागला' म्हणजे झोप आली, पापणीला पापणी टेकली. 'डोळे लागले' म्हणजे झोप उडाली, नजर वाटेला जाऊन टेकली. वादळाचा इशारा आलेला असावा आणि घरचा माणूस अजून समुद्रात असावा, अशा रात्री कोळीवाड्यातल्या बाईचे डोळे खाडीकडे लागलेले असतात आणि पहाटे कधीतरी तिचा डोळा लागतो. एकवचनाचं अनेकवचन केलं की अर्थ पार उलटा होतो, असं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

भूक कुणाला लागते?

"मला भूक लागली." या वाक्यात काम करणारं कोण? शाळेतल्या सवयीने आपण 'मी' म्हणू. पण क्रियापदाला विचारा. पुरुष बोलो वा बाई, 'लागली'च येतं, कारण ते भुकेच्या लिंगाप्रमाणे चालतं. मला भूक लागली, मला नाद लागला, मला वेड लागलं. वाक्याच्या सुकाणूवर भूक, नाद आणि वेड बसले आहेत. मी 'ला' लावून बाजूला उभा आहे. भूक कुठूनशी आली आणि मला टेकली.

बोट लागण्याचा दुसरा अर्थ इथे बसतो. धक्क्यावर होडी टेकते, तशी बाईंना बोटीची हालचाल टेकते आणि पोटात ढवळतं. ऊन लागतं, वारा लागतो, शब्द लागतो, नजर लागते, त्याच जातीचं हे लागणं. घाटातल्या एसटीत तर दोन्ही अर्थ रोज सामोरे येतात. "गाडी लागली का?" असं स्थानकावर विचारलं तर ती फलाटाला लागली का हा प्रश्न असतो, घाटाच्या तिसऱ्या वळणानंतर विचारलं तर पिशवी पुढे करण्याची तयारी असते.

आपल्याला जे जे होतं ते सगळं मराठी 'लागणे'कडे सोपवते असं मात्र नाही. थंडी आपल्याला वाजते. भीती वाटते. राग येतो. आनंद होतो. हिंदीत ठंड, डर आणि अच्छा या तिघांनाही 'लगना' पुरतं. मराठीने ती कामं 'वाजणे', 'वाटणे', 'येणे', 'होणे' यांत वाटून टाकली आहेत. चव तेवढी 'लागणे'कडे ठेवली, कारण चवीसाठी पदार्थ जिभेला टेकावाच लागतो. म्हणून आमटी छान लागते, पण नाटक छान वाटतं. मुंबई-पनवेलच्या पट्ट्यातली मुलं आता सर्रास "मला थंडी लागते" म्हणतात. शेजारच्या भाषेचा वारा लागणं स्वाभाविक आहे, त्याबद्दल मी कुणावर डोळे वटारत नाही. "मला असं लागतं की..." हे मात्र माझ्या कानाला लागतं.

किती लागेल?

आणखी एक फांदी आहे, तिच्याशिवाय बाजार चालणार नाही. पुरणाला गूळ किती लागेल? रेवसला पोचायला वेळ किती लागतो? एका फेरीला डिझेल किती लागतं? पुरण करताना गूळ त्याला 'लागतो' म्हणजे त्या कामाला जाऊन चिकटतो, त्यात जिरतो, परत मिळत नाही. जिरणारी वस्तू आधी हाताशी असावी लागते, म्हणून लागणे म्हणजे गरज असणे. "मला सकाळी चहा लागतो." आजारी माणसाला भेटायला आलेले लोक उठताना "काही लागलं तर सांगा" म्हणतात ते याच अर्थाने. जिन्यावरून घसरलेल्या माणसाला हेच शब्द ऐकवले तर तो बापडा गुडघा दाखवायला लागेल.

जुन्या फळीचा साकव

या मागच्या वाक्याच्या शेवटी 'दाखवायला लागेल' आलं. इथे काय कशाला टेकलं? काहीच नाही. आता आपण भावकीतल्या सगळ्यात लांबच्या घराशी आलो.

कोळीवाड्यात जुनी होडी मोडीत निघाली की तिची एखादी चांगली फळी कुणीतरी उचलून गटारावर टाकतं. लोक तिच्यावरून ये-जा करू लागतात. ती कधी समुद्रावर होती हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही, ती आता नुसता साकव. शब्दांचंही असंच होतं. वापरून वापरून मूळ अर्थ झिजतो आणि शब्द वाक्याचे दोन काठ जोडण्याचं काम करू लागतो. याला व्याकरणीकरण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट फळीइतकी साधी.

'लागणे'ची फळी कशी निघाली ते पाहता येतं. "पोरगा कामाला लागला." इथे पोरगा कामाला चिकटला, मूळ अर्थ ओला आहे. "पोरगा काम करायला लागला." अजून चिकटण्याचा वास येतो, पण 'सुरुवात केली' हा अर्थ वर आला. "पोरगा काम करू लागला." आता फक्त सुरुवात. मग "पाऊस पडू लागला." पाऊस काही पडण्याच्या कामाला चिकटत नाही, इथवर येताना चिकटणं पार झिजलं, सुरुवात तेवढी राहिली. 'ओहोटी लागली' यातही तीच सुरुवात आहे. भरतीचं पाणी थबकतं, मग मागे सरू लागतं आणि साधारण सहा तास सरतच राहतं.

दुसरी फळी गरजेच्या फांदीची. गूळ लागतो, वेळ लागतो, तसं 'जाणं' लागलं तर? "मला जावं लागतं." जाण्याची गरज मला येऊन चिकटली, झटकता येत नाही. "मला जायचं आहे" यात माझी इच्छा आहे. "मला जायला हवं" यात शहाणपण आहे. "मला जावं लागेल" म्हटलं की बाहेरून कुणीतरी ढकलतंय हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. हिंदीत हीच सक्ती वरून 'पडते': जाना पड़ेगा. मराठीत ती बाजूने येऊन चिकटते.

शब्दाची साबूत होडी आणि तिची फळी एकत्रही दिसतात. "वय झालं तशी मला बोट लागू लागली." पहिलं लागणं भरल्या अर्थाचं, दुसरं साकव. "दिवा लावावा लागतो" हेही तसंच.

जुन्या मराठीत याची आणखी एक फळी होती. संतांच्या वाङ्मयात 'तुजलागी', 'देवालागी' अशी रूपं जागोजाग येतात. लागी म्हणजे साठी, कडे. गोव्याच्या कोंकणीत 'लागीं' म्हणजे जवळ आणि 'लागून' म्हणजे मुळे, आणि ती तिथे रोजच्या बोलण्यात आहेत. मराठीतला 'ला' हा प्रत्ययसुद्धा याच 'लागी'चा झिजून उरलेला तुकडा असावा, असं काही भाषाभ्यासकांचं मत आहे. ते खरं असेल तर 'मला भूक लागली' या तीन शब्दांत तोच शब्द दोनदा बसला आहे, एकदा अख्खा आणि एकदा नखाएवढा.

चौकट: ऐकणारा अर्थ कसा पकडतो?

• *काय लागलं?* दार, दिवा, भूक, दूध, निकाल. बहुतेक उलगडा इथेच होतो.

• *कुणाला किंवा कशाला लागलं?* बोट धक्क्याला लागली की प्रवास सुरू, माणसाला लागली की उलटी. 'ला' कुणाच्या गळ्यात आहे ते पाहायचं.

• *लागला की लागतो?* "ते माझे मामा लागतात" हे नातं कायमचं, म्हणून 'लागतात'. "मला बोट लागते" ही सवय, "मला बोट लागली" हा आजचा प्रसंग.

• *आधी दुसरं क्रियापद आहे का?* 'करू लागला' म्हणजे सुरुवात, 'करावं लागलं' म्हणजे सक्ती.

• *तरीही अडलं तर* त्या जागी दुसरा शब्द ठेवून पाहा. दार लागलं: बंद झालं. दिवा लागला: पेटला. वेळ लागला: गेला. दरवेळी वेगळा शब्द बसतो, म्हणजे अर्थ वेगळा. पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या 'मराठी शब्दबंध' या संगणकीय कोशात शब्दांची मांडणी अशीच समानार्थी शब्दांच्या गटांनी केलेली आहे, म्हणजे एक शब्द जितक्या गटांत, तितके त्याचे अर्थ.

आणि वाट लागली

एवढं सगळं ऐकून स्नेह्यांनी एकच शंका काढली. "वाटेला लागला म्हणजे निघाला. मग वाट लागली म्हणजे सत्यानाश कसा?"

वाटेला लावणं म्हणजे रवाना करणं. वस्तूची वाट लावणं म्हणजे ती एकदाची निकालात काढणं, आणि निकालात काढलेल्या वस्तूचं जे होतं तेच वाट लागलेल्या माणसाचं होतं, असा या शब्दांचा प्रवास दिसतो. ते हसले. लाँच तोवर रेवसच्या धक्क्याला लागत होती. शेजारच्या बाई डोळे मिटून, तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. धाकटा मात्र टुणटुणीत होता.

परतीच्या फेरीत खाडीतल्या पुलाच्या कामाकडे सगळ्यांच्या माना वळल्या. सागरी महामार्गावरचा हा रेवस-करंजा पूल झाला की अलिबागला जायला पेण-वडखळचा वळसा घ्यायला नको. तिकीट फाडणारा तिकडे हात करून म्हणाला, "पूल झाला की बोट लागणार नाही."

स्नेह्यांनी क्षणभर विचार केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिन्ही अर्थांनी?"